सारख्याशी सारखं

मी आयुष्यभर पगार घेऊन चुका लिहिल्या. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्या व्यवसायाबद्दल काही लिहा असं कळवलं, तेव्हा मनात पहिलं वाक्य आलं ते हेच. डॉक्टरांनी रोगी बरे केले, वकिलांनी खटले जिंकले, आणि मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर होऊन चुका घडवत बसलो. परीक्षेत 'खालील वाक्ये दुरुस्त करा' असा एक प्रश्न असतो ना, त्यातली वाक्यं काही आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी आधी ती विचार करून, मन लावून बिघडवावी लागतात.

आता निवृत्त होऊन बराच काळ लोटला. दुपारी जेवून आडवा झालो, की डोळा लागता लागता ती वाक्यं येतात. मुलांचे चेहरे येत नाहीत, नावं तर मुळीच येत नाहीत. वाक्यं येतात. 'गिरणीचा भोंगा देवळाच्या घंटेपेक्षा लांबवर ऐकू जातो.' 'तळ्यातला किल्ला तळ्याकाठच्या किल्ल्यापेक्षा जुना दिसतो.' हे बरोबर का चूक, ते ठरवता ठरवता मला झोप लागते. जाग येते तेव्हा उन्हं उतरलेली असतात आणि बायको विचारते, काय पुटपुटत होता? मी सांगतो, पेपर काढत होतो.

तो काळ एकोणीसशे वीसनंतरचा आणि तिसाच्या आगेमागेचा. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. मॅट्रिकचा परीक्षक मुंबईत बसे. आम्ही त्याला कधी पाहिला नाही, पण त्याच्या आवडीनिवडी आम्हाला देवाच्या आवडीनिवडींसारख्या पाठ होत्या. त्याला तुलनेची वाक्यं फार आवडत. दरसाल तो ती विचारणारच, आणि आमची निम्मी पोरं तिथं गटांगळ्या खाणारच. म्हणून शाळेच्या चाचण्यांतला हा प्रश्न हेडमास्तरांनी कायमचा माझ्या गळ्यात घातला होता.

ज्यांचा या धंद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण मराठीत बेलाशक म्हणतो, 'सोलापूरचं ऊन पुण्यापेक्षा कडक.' कुणाचं काही अडत नाही. इंग्रज मात्र तिथं थबकतो. तो म्हणतो, एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला अख्खं पुणं, हे कसं? ऊन उन्हाशी लावा. मग तिथं 'दॅट ऑफ' असे दोन शब्द घालायचे, म्हणजे पुण्याचं ऊन असा अर्थ होतो आणि इंग्रजाचा जीव भांड्यात पडतो. तसंच दोन क्रियांचं. एक क्रिया ज्या घाटाची, दुसरीही त्याच घाटाची हवी. मी मुलांना सांगत असे, एका जुवाखाली एकीकडे बैल आणि दुसरीकडे रेडा जुंपला तर नांगराचं तास वाकडं जाणारच. सारख्याशी सारखं. खेड्यावरून आलेल्या पोरांना हे लगेच कळे. शहरातल्या वकिलांच्या मुलांना जू म्हणजे काय तेच आधी समजावून सांगावं लागे.

आणखी एक गंमत होती. 'भीमा ही आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही नदीपेक्षा मोठी आहे.' वरवर पाहता यात काही वावगं नाही. पण भीमाही आपल्या जिल्ह्यातलीच, म्हणजे ती स्वतःपेक्षाही मोठी झाली. म्हणून 'कुठल्याही दुसऱ्या' असं म्हणायला हवं. मुलांना मी ते दुरुस्त करायला लावी, गुण देई, आणि मनातून मला ते चुकीचं वाक्यच आवडत असे. श्रावणात टाकळीच्या बाजूला काठावर उभं राहून जर कुणी भीमा पाहिली असेल, तर ती स्वतःपेक्षा मोठी झालेली त्यानं पाहिलीच असणार.

चुकीचं वाक्य लिहिणं हे बरोबर वाक्य लिहिण्यापेक्षा अवघड असतं. चूक एकच हवी, दुसरी नकळत शिरता कामा नये. ती कानाला खटकता कामा नये, उलट गोड लागायला हवी. शिवाय मी मध्ये मध्ये काही अगदी बरोबर वाक्यं पेरून ठेवी आणि वर सूचना लिही की जे बरोबर असेल त्याला हात लावू नये. मुलं या प्रश्नाला 'चकवा' म्हणत. चांगला धड रस्त्यानं चाललेला गडी चकव्यात सापडला की बरोबर वाट सोडून काट्यात शिरतो, तशी हुशार पोरं बरोबर वाक्य खरडून टाकत आणि चुकीचं तसंच ठेवत. ते नाव मला कळलं तेव्हा मी रागावल्यासारखं केलं. घरी येऊन बायकोला मात्र दोनदा सांगितलं.

ही वाक्यं मला वर्गात सुचत नसत. संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बसलो की सुचत. पाण्यात देऊळ उलटं दिसे, त्याच्या पलीकडे किल्ल्याचा बुरूज, आणि त्याहून पलीकडे गिरण्यांची धुराडी. सगळं जोडीजोडीनं मांडलेलं. वरचं देऊळ आणि खालचं देऊळ, यांतलं अधिक स्थिर कुठलं? अर्धवट डोळे मिटून मी हे असलं काहीतरी घोळवत बसे. कुणी ओळखीचा भेटला आणि काय चाललंय म्हणून विचारलं, तर सांगायची पंचाईत.

गावात मात्र माझी वाक्यं कुणी नुसती वाक्यं म्हणून वाचत नसे, हे मला मंद्रूपच्या एका गृहस्थांनी शिकवलं. एका चाचणीत मी लिहिलं होतं, 'बार्शीची ज्वारी मंद्रूपच्या ज्वारीपेक्षा टपोरी असते.' हे वाक्य बरोबर होतं. ज्वारी ज्वारीशी लावली होती. मंद्रूपचा एक मुलगा आमच्याकडे होता. तो जांभळ्या शाईतली प्रश्नपत्रिका घेऊन रविवारी घरी गेला आणि बापानं काय शिकलास विचारल्यावर त्यानं हेच वाक्य मराठी करून सांगितलं. सोमवारी मधल्या सुट्टीत बाप शाळेच्या दारात हजर. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. त्यांनी माझ्या टेबलावर फडकं सोडलं. मोत्यासारखी ज्वारी होती.

"मास्तर, तुमी कुटली ज्वारी बगून ल्हिवलं ह्ये?"

मी त्यांना सांगायचा खूप प्रयत्न केला की हे वाक्य ज्वारीबद्दल नाही, व्याकरणाबद्दल आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे खोटं हाय? मी म्हटलं, खोटं नाही, नमुन्यादाखल आहे. त्यावर ते म्हणाले, "नमुना व्हय? मग ह्यो घ्या की नमुना. भाकरी करून खावा, आन् मग ल्हिवा." फडकं तिथंच ठेवून ते निघून गेले. भाकरी खरोखर गोड झाली. पुढच्या चाचणीत मी वाक्य फिरवून मंद्रूपची ज्वारी वर केली. बार्शीहून कुणी आलं नाही. बार्शीकरांचा आपल्या ज्वारीवर भरवसा असावा किंवा त्यांची मुलं घरी काही सांगत नसावीत.

हसण्यावारी नेलं खरं, पण तेव्हापासून मला एक जाणवू लागलं. मी तळ्याकाठी बसून हवेत ज्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो, त्या खाली कुणाच्यातरी घरात जाऊन पडतात. नरसय्यांच्या घरात पडल्या त्या अशाच.

नरसय्या हे शहराच्या पूर्व भागातले विणकर. घरची भाषा तेलुगू, बाजारातली मराठी. घरात एक खड्ड्याचा माग. खड्ड्याचा माग म्हणजे जमिनीत कमरेएवढा खड्डा असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी खालच्या पट्ट्या दाबत हातानं धोटा फेकतो. जमिनीतल्या ओलीनं सूत तुटत नाही, म्हणून हा खड्डा. नरसय्यांची बायको काही वर्षांपूर्वी वारली होती आणि दोन मुलगे माझ्या वर्गात होते. थोरला अंबादास आईच्या आजारपणात शाळा सोडून मागावर बसला होता, नंतर परत आला, त्यामुळे तो आणि धाकटा सत्यम एकाच वर्गात आले. सत्यम गोरा, सडपातळ, वाचनाचा नाद असलेला. अंबादास काळासावळा, रुंद खांद्यांचा, मागच्या बाकावर बसणारा. त्याच्या केसांत नेहमी कापसाचा एखादा तंतू अडकलेला असे.

आणि अंबादासचं इंग्रजी. त्याच्यासारखा मुलगा मला पुन्हा मिळाला नाही. तेलुगू, मराठी, गल्लीतली दखनी आणि शेजारच्या दुधनीच्या कुटुंबाची कानडी, एवढ्या भाषा कानावर घेऊन वाढलेला तो मुलगा इंग्रजी वाक्य हातात घेई ते कापड तपासल्यासारखं. कुठे दोरा सुटलाय ते त्याला आधी दिसे, नियम मागून आठवे. माझ्या चकव्यात तो कधीही सापडला नाही. उलट कधी कधी माझ्याकडे पाहून थोडंसं हसे, म्हणजे हे वाक्य तुम्हाला कुठे सुचलं ते मला ठाऊक आहे. मास्तराला आयुष्यात असं हसणारा एक विद्यार्थी मिळाला तरी पुरे.

प्रिलिम जवळ आली होती. त्या काळी प्रिलिममध्ये जे उत्तीर्ण होत त्यांचेच मॅट्रिकचे फॉर्म शाळा पाठवत असे. एके दुपारी नरसय्या मला भेटायला आले. डोळ्यांवर हात धरून चालत होते. त्यांची नजर कमी होत चालली होती. तुटलेला दोरा आता दिसत नाही, बोटांनीच शोधावा लागतो, असं ते म्हणाले. माग बंद ठेवून घर चालणार नव्हतं. एका मुलानं मागावर बसायलाच हवं होतं. त्यांनी हिशोब करून टाकला होता आणि फक्त अंबादासचं नाव कमी करा एवढं सांगायला ते आले होते.

"थोरला चांगला विणतो, धाकटा चांगलं वाचतो," ते म्हणाले. "म्हणून थोरला मागावर, धाकटा परीक्षेला. बरोबर हाय नव्हं मास्तर?"

मला राहवलं नाही. मी त्यांना बाकावर बसवलं आणि म्हणालो, नरसय्या, तुम्ही एकाचं विणणं दुसऱ्याच्या वाचनाशी लावताय. अशी कधी तुलना होते का? तुम्ही धोतराची किनार लुगड्याच्या पदराशी लावून बघता का? इंग्रजी इंग्रजीशी लावा. मग ठरवा कुणाला पुढे पाठवायचं ते.

ते अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, जसं काही त्यात सूत आहे. बाहेर लिंबाखाली मुलं ओरडत होती. मग त्यांनी मान हलवली. एकाच ताण्यावरची दोन लुगडी शेजारी ठेवल्याशिवाय कुणाचा हात चांगला ते सांगता येत नाही, हे त्यांना पटलं होतं. "लावून बघा," ते म्हणाले. "ज्याचं इंग्रजी वरचढ, त्यो परीक्षेला. दुसरा मागावर. तुमी सांगाल त्ये खरं."

त्या संध्याकाळी मी तळ्याकाठी हवेत तरंगत होतो. अंबादासला मी वाचवलं होतं, आणि तेही माझ्याच विषयाच्या जोरावर. सत्यमबद्दल वाईट वाटलं, नाही असं नाही, पण सत्यम बेताचा होता आणि अंबादास अंबादास होता. सूर्य धुराड्यांमागे गेला, पाण्यातलं देऊळ लालसर होऊन हळूहळू विझलं. मी त्या प्रिलिमचा चकवा असा काढला की तसा आधी काढला नव्हता आणि नंतरही जमला नाही. तो खरं म्हणजे मी एकट्या अंबादाससाठी काढला होता.

पेपर तपासताना माझी एक पद्धत होती. उत्तरपत्रिकेचा नावाचा कोपरा दुमडून मी त्याला सुईदोऱ्यानं एक टाका घालत असे, म्हणजे पेपर पेपराशी लावला जातो, मुलगा मुलाशी नाही. अक्षर ओळखू येतच असे म्हणा, पण ओळखत नाही असं स्वतःला सांगता येई. त्या गठ्ठ्यात एक पेपर आला आणि चकव्यापाशी मी थांबलो.

सगळी उत्तरं चुकीची होती. जी वाक्यं मी बिघडवली होती त्यांना त्यानं हात लावला नव्हता. जी बरोबर होती ती एकूण एक बिघडवली होती, आणि बिघडवलीही अशी की माझ्याच हातची वाटावीत. प्रत्येकात एकच चूक, कानाला गोड लागणारी. ज्याला काही येत नाही त्याचीही काही उत्तरं अवचित बरोबर येतात. अंधारात दगड भिरकावला तरी एखादा लागतोच. सगळी उत्तरं चुकवायची तर सगळी यावी लागतात. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला अभिमान वाटला. टाका उसवायची काही गरज नव्हती, तरी मी उसवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी अंबादासला थांबवून घेतलं. उन्हाळा तोंडावर आला होता. रिकाम्या वर्गात झळा येत होत्या आणि लांबून कुठल्यातरी आळीतल्या मागांची खडखड झोपेत ऐकावी तशी ऐकू येत होती. मी पेपर त्याच्यापुढे ठेवला. मी विचारलं, तुला शिकायचं नसेल तर बापाला सरळ तसं का नाही सांगितलंस?

"सांगितलं की सर. बा ऐकत न्हाय. म्हणतो, मास्तरनं सांगितलंय, इंग्रजीला इंग्रजी लावून बघायचं."

म्हणजे माझ्याच नियमानं त्याला या वाटेला लावलं होतं. मी म्हणालो, मी तुझं नाव तसंच ठेवतो, दोघांचेही फॉर्म पाठवतो.

"आन् माग?"

मग त्यानं सांगितलं. सत्यमची छाती नाजूक होती. नुसता सुताच्या कांड्या भरायला बसला तरी खोकत असे, आणि कुणाला कळू नये म्हणून परसात जाऊन खोकत असे. एकदा रक्ताचा डाग पडलेला रुमाल धुताना अंबादासनं त्याला पाहिलं होतं. खड्ड्यात बारा महिने ओल आणि वर कापसाची धूळ. त्यात हा बसला तर किती दिवस टिकेल? बापाला सांगायची सोय नव्हती, कारण बाप दोघांनाही शाळेत ठेवेल आणि अधू डोळ्यांनी स्वतः खड्ड्यात उतरेल. सत्यमला सांगायची तर मुळीच नव्हती. भावानं आपल्यासाठी शाळा सोडली हे कळलं तर तो परीक्षेला बसणार नाही.

"माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा बरं हाय, ठाव हाय मला," अंबादास म्हणाला, आणि लगेच स्वतःच हसला. "त्याच्या इंग्रजीपेक्षा. पण सर, सारख्याशी सारखं लावायचं तर सगळंच लावा की. माझी छाती आन् त्याची छाती लावून बघा."

मी मॅट्रिकच्या मुलांना इतकी वर्षं तुलना शिकवत होतो. मला रडू आलं, आणि विद्यार्थ्यापुढे मास्तरानं रडू नये म्हणून मी फळा पुसायला उठलो. फळा पुसलेलाच होता. माझ्या पाठीमागे तो म्हणाला, बाला सांगू नका आणि सत्यमला कधीच सांगू नका. मी होय म्हटलं.

पेपरला जे गुण पडायचे ते पडले. नरसय्या निकाल ऐकायला आले तेव्हा मी सत्यमचं नाव सांगितलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "मला वाटलं हुतं, थोरल्याचं बरं निघंल," ते हळूच म्हणाले. मग माझे हात हातात घेऊन त्यांनी आभार मानले. लावून बघितलं ते बरं झालं, म्हणाले, न्हायतर जन्मभर मनात ऱ्हायलं असतं की थोरल्यावर अन्याव केला. पुढे आळीत ते सांगत फिरत की हा मास्तर कुणाची बाजू घेत नाही. ते कानावर आलं की मला रस्ता बदलावासा वाटे.

सत्यम मॅट्रिक झाला. रेल्वेच्या कचेरीत लागला, कोरड्या हवेत नोकरी मिळाली, औषधपाणी झालं, खोकला मागे पडला. मीही पुढे बरीच वर्षं चकवे काढले. नवी मुलं सापडत राहिली. हेडमास्तर म्हणत, तुमची वाक्यं हल्ली सोपी झालीत. झाली असतील. तुलनेच्या वाक्यात मी माणसं घालायचं सोडून दिलं होतं. नद्या, डोंगर, आंबे, फार तर बैल.

अंबादास गेल्या वर्षी वारला, म्हणून हे लिहायला हात धजावला. नावं मी बदलली आहेत. तरी सत्यमच्या हातात हा अंक पडला तर तो ओळखेल, आणि त्यानं ओळखावं असंच आता मला वाटतं. दिलेला शब्द मी तीस वर्षांहून जास्त पाळला. त्यातली एकच दुपार सांगतो आणि थांबतो.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा होती. सत्यम बायकोमुलीला घेऊन गावी आला होता आणि त्यानं मला मुद्दाम घरी चहाला बोलावलं. नरसय्या तोवर राहिले नव्हते. थंडीतली पिवळी उन्हं दारातून आत मागापर्यंत आली होती आणि त्या उजेडात कापसाचे कण तरंगत होते. अंबादास खड्ड्यात बसून विणत होता. कानाजवळचे केस पिकले होते. मी आलो तसा त्यानं हात थांबवून नमस्कार केला. सत्यम अंगानं भरला होता, चष्मा लागला होता, आवाजात एक मोकळेपणा आला होता. त्याला पाहून मला आनंदच झाला, हे इथं सांगितलं पाहिजे.

सत्यमची मुलगी दहा-अकरा वर्षांची. जत्रेतून आणलेली काचेची बांगडी हातात फिरवत ती इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली आणि एक वाक्य अडलं म्हणून काकाच्या मागाशी जाऊन उभी राहिली. अंबादासनं मान वाकवून त्या पानाकडे पाहिलं. त्याचे ओठ किंचित हलले.

"अगं, अण्णाला काय विचारतेस?" सत्यम हसत म्हणाला. त्यात कुचकेपणा नव्हता, माया होती. "अण्णाला इंग्रजी कधी जमलंच नाही. इकडे सर बसलेत ना, त्यांना विचार."

अंबादासनं पुस्तकावरची नजर काढली. "व्हय बाळा, न्हायच जमलं," तो म्हणाला. "माझा पेपर सरांनीच तपासला हुता. विचार की त्यांना."

मुलगी माझ्याकडे वळली. सत्यमही कौतुकानं माझ्याकडे पाहत होता. त्यांच्या मागे अंबादास, धोटा हातात तसाच धरून, माझ्याकडे पाहून थोडंसं हसत होता, वर्गात मागच्या बाकावरून हसे तसा.

मी चहाची बशी खाली ठेवली.

"हो," मी म्हणालो. "त्याचं एकही उत्तर बरोबर नव्हतं."